करंट नदीवर तीन दिवस, दोन रात्री: आधी मैल कमी करा, रॉडचं नंतर बघू

तुमचा बेत थोडक्यात असा आहे. सेंट लुईसमधले चौघे मित्र, दोन कॅनू, जूनचा दुसरा आठवडा. मिझुरीतल्या करंट नदीत एकर्सला उतरायचं, टू रिव्हर्सला बाहेर पडायचं, वाटेत स्मॉलमाउथ बास हे मासे पकडायचे आणि दोन्ही रात्री नदीतल्या ग्रॅव्हल बारवर, म्हणजे गोट्यांच्या पट्ट्यावर, तंबू टाकायचा. कॅनू कोणती, मासेमारीचा रॉड किती फुटी आणि गोट्यांत तंबूचे कोणते खिळे धरतात, हे तुम्ही विचारलंय. कॅनू भाड्याची कुठलीही चालेल, खिळे घरीच ठेवा, रॉडकडे येतोच. पण तुमची खरी अडचण या तिन्हींत नाही. ती अंतरात आहे.

एकर्स ते पुलटाइट सुमारे १० मैल, पुलटाइट ते राउंड स्प्रिंग आणखी १०, तिथून टू रिव्हर्स साधारण १८. म्हणजे रोजचे बारा-तेरा मैल झाले. नदी स्वतःच ताशी दोन-तीन मैलांनी नेते, त्यामुळे नुसतं वल्हवत जाणाऱ्याला हे आरामात जमतं. मासे धरणाऱ्याला जमत नाही. मासेमारी करत जाताना खरा वेग ताशी एक मैल, फार तर दीड. एकेका चांगल्या डोहाशी अर्धा तास कधी गेला ते कळत नाही. सकाळी धुकं उठून, चहा होऊन, सामान बांधून निघेपर्यंत साडेनऊ वाजतात. दुपारी साडेतीन-चारला मुक्कामाची जागा हातात हवी. मधल्या सहा तासांतला एक जेवणात आणि पाय मोकळे करण्यात गेला की उरतात पाच. पाच तासांत पाच ते सात मैल, बस्स. पहिल्या दिवशी तर गाडी खालच्या टोकाला लावून कॅनूवाल्यांच्या व्हॅनमधून वर येईतो बारा वाजतात, त्या दिवसाचे चारच मैल धरा.

म्हणून एकर्सचा नाद सोडा. राउंड स्प्रिंगला उतरा आणि टू रिव्हर्सला निघा. पहिल्या दिवशी चार, मधल्या दिवशी जरा लवकर निघून आठ, शेवटच्या दिवशी सहा. अठरा मैल झाले आणि गळ टाकायला वेळ उरला. दुसरा फायदा असा की एकर्स ते राउंड स्प्रिंग हा पट्टा उन्हाळ्यातल्या शनिवारी कॅनू, राफ्ट आणि तरंगायच्या हवेच्या ट्यूबांनी भरलेला असतो. खाली गर्दी विरळ होते, नदी रुंदावते, पाणी थोडं कोमट होतं आणि स्मॉलमाउथला तेच मानवतं. वरचं झऱ्यांचं थंड पाणी ट्राउटचं. मोबदल्यात खाली जेट बोटी भेटतात. आवाज आला की वळणाच्या आतल्या, संथ बाजूला सरका आणि लाट आली की कॅनूचं नाक तिच्याकडे करा. लाट बाजूने घेतली तर भरलेली कॅनू पाणी पिते. रविवारी दुपारी उतरून मंगळवारी निघता आलं तर सोन्याहून पिवळं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सगळ्यात आधी पाणी. करंट झऱ्यांवर जगते, त्यामुळे जूनमध्येच काय, ऑगस्टमध्येही तिच्यात कॅनू तरंगते. हा ठोकताळा दुसऱ्या नदीला लावू नका. आर्कान्सातल्या बफेलो नदीचा पाँकाजवळचा वरचा भाग पावसावर चालतो आणि उन्हाळ्यात तिथे कॅनू ओढत न्यायची पाळी येते. पण झऱ्यांची नदी म्हणजे शहाणी नदी असंही नाही. ३० एप्रिल २०१७ ला करंट खालच्या व्हॅन ब्युरेन गावापाशी ३७.२ फुटांवर गेली. त्याआधीचा १९०४ चा विक्रम २९ फुटांचा होता, म्हणजे शंभरेक वर्षांचा विक्रम आठ फुटांनी मोडला.

यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचे, जलमापक एकर्सला आणि व्हॅन ब्युरेनला आहेत. दोन्हींचे आलेख निघायच्या आधी तीन दिवस रोज बघा. एका आकड्यात फारसं काही नसतं, रेषा चढतेय की उतरतेय त्यात सगळं असतं. हळूहळू उतरणारं पाणी मासेमारीला उत्तम. चढणारं, गढूळ, पानं-काटक्या घेऊन येणारं पाणी दिसलं तर बेत पुढे ढकला. अशा पाण्यात मासे आमिष बघत नाहीत आणि गोट्यांचा पट्टा रात्रीतून नाहीसा होतो. अंदाज फक्त तुमच्या मुक्कामाचा नाही, वरच्या खोऱ्याचाही बघायचा. पाऊस तीस मैल वर पडतो आणि पाणी तुमच्या डोक्यावर चांदणं असताना येतं.

नियमांचं लवकर आटोपतो. नदीचा हा भाग ओझार्क नॅशनल सीनिक रिव्हरवेजमध्ये येतो. १९६४ साली करंट आणि तिची उपनदी जॅक्स फोर्क यांच्यासाठी हे राखीव क्षेत्र झालं, म्हणूनच इथे पट्ट्यावर मुक्काम बिनधास्त करता येतो. फक्त बांधलेल्या कॅम्पग्राउंडपासून ठरलेलं अंतर राखा, ते निघण्यापूर्वी पार्कच्या कार्यालयात विचारून घ्या. मेरमॅकसारख्या नदीवर गेलात तर गोष्ट वेगळी. मिझुरी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने अशा नद्यांतून तरंगत जाण्याचा आणि पात्रात चालण्याचा हक्क लोकांना आहे, पण काठ खाजगी असू शकतो, तंबू टाकण्यापूर्वी विचारावं लागतं. नदीत काचेची बाटली चालत नाही, थर्माकोलचा कूलर चालत नाही, कूलरचं झाकण घट्ट बसणारं हवं आणि कचऱ्याची पिशवी कॅनूला बांधलेली हवी. मासेमारीचं परमिट प्रत्येकाचं वेगळं. स्मॉलमाउथ ठेवण्याचा हंगाम दक्षिण मिझुरीतल्या बहुतेक नद्यांवर मेच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे तुम्ही हंगामात आहात. पण किती इंचांच्या वरचा आणि दिवसाला किती, हे नदीच्या तुकड्यागणिक बदलतं. मिझुरी डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनची त्या वर्षीची पुस्तिका फोनमध्ये उतरवून घ्या. नदीवर सिग्नल मिळेल या भरवशावर राहू नका.

आता पट्ट्याची निवड. इथे घाई करणारे सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला काठ खणते आणि आतल्या बाजूला गोटे टाकते. पट्टा म्हणजे तो आतला साठा. लांबून सगळे पट्टे सारखेच पांढरे दिसतात. जवळ जाऊन, कॅनू लावून, पाण्यापासून झाडीपर्यंत चालत जा. पाण्याकाठी मुठीएवढे, धुतल्यासारखे स्वच्छ गोटे असतात. हा रोज भिजणारा भाग, इथे झोपायचं नाही. मधे गोटे बारीक होतात, लिंबापासून बोरापर्यंत. त्याच्या वर वाळू लागते आणि विलोची, सिकॅमोरची कोवळी झुडपं उभी असतात. त्या झुडपांकडे नीट बघा. फांद्यांत गवत, पानं, काटक्यांची जळमटं अडकलेली दिसतील. गेल्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. ती जळमटं तुमच्या छातीपाशी असतील तर समजा की उभ्या जागी छातीएवढं पाणी होतं. तंबू बारीक गोट्यांच्या सर्वात उंच पट्टीवर टाका. वाळू मऊ असते पण तंबूभर होते, शिवाय सकाळी दवाने चिकटते.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पट्ट्याच्या मागे काय आहे ते. पुष्कळ पट्ट्यांच्या आणि खऱ्या काठाच्या मधे एक कोरडी चर असते, कधी तळाशी थोडं साचलेलं पाणी असलेली. दिवसा ती निरुपद्रवी दिसते. नदी चढू लागली की आधी ही चर भरते आणि तुमचा पट्टा बेट होतो. तुम्ही पुढच्या पाण्यावर नजर ठेवून बसता आणि परतीची वाट पाठीमागून गेलेली असते. त्यामुळे मागे चर न ओलांडता सरळ उंच जमिनीवर चढता येईल असाच पट्टा घ्या आणि उजेड असताना ती वाट एकदा चालून या. ११ जून २०१० ला पहाटेच्या अंधारात आर्कान्सातल्या लिटल मिझुरी नदीला आलेल्या पुरात अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडवर २० माणसं गेली. तुम्ही जाताय तोच महिना. साडेतीन-चारचा हट्ट यासाठीच आहे. चांगला पट्टा पहिल्या खेपेला मिळत नाही, एक-दोन सोडून द्यावे लागतात आणि सात वाजता दमलेला माणूस मिळेल तिथे अंग टाकतो.

तंबू असा घ्या जो खिळ्यांशिवाय स्वतः उभा राहतो. चारही कोपऱ्यांच्या फासांना पाच-पाच फुटांची दोरी बांधा. दोरीच्या टोकाला मुठीएवढा लांबट गोटा आडवा बांधायचा आणि दोरीवर, त्या गोट्याच्या तंबूकडच्या अंगाला, नारळाच्या दुप्पट मोठा दगड ठेवायचा. दोरी ताणली की लहान गोटा मोठ्याला जाऊन अडतो आणि वादळातही हलत नाही. नुसता दोरीवर दगड ठेवला तर दोरी सरकते किंवा धारेवर घासून तुटते. इथले गोटे बरेचसे चर्टचे, गारगोटीच्या जातीचे, त्यांची कड सुरीसारखी असते. तंबूखाली जाड ताडपत्री हवीच, आणि अंथरूण म्हणून दीड-दोन इंची फोमची गादी. हवेच्या गादीला एक कड लागली की रात्र संपली. वर वाळलेली सिकॅमोरची फांदी नाही ना, तेही मान वर करून बघा.

कॅनू रात्री पूर्ण वर ओढून, पालथी करून झाडाला बांधायची. वल्ही आणि लाइफ जॅकेट तिच्याखाली. मग पाण्याच्या कडेला बरोबर काठावर एक काडी रोवा. झोपताना बघा, रात्री उठलात तर बघा. काडी पाण्यात गेली असेल तर पुढचा विचार तंबूत पडून करू नका. शेकोटी खालच्या गोट्यांवर, वाहून आलेल्या वाळक्या लाकडाची करा. घरून लाकूड आणू नका, त्यातून झाडांची कीड पसरते. ॲश झाडं पोखरणारा किडा मिझुरीत पहिल्यांदा २००८ मध्ये वापापेलो तलावापाशी सापडला होता. शेकोटीभोवती नदीतून काढलेले ओले गोटे रचू नका. आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटून कपचे उडतात.

आता मासे. मघाशी वळणाचं सांगितलं ते इथे पुन्हा कामाला येतं. पट्टा आतल्या बाजूला, म्हणून मासे समोर, बाहेरच्या खोल बाजूला, कड्याखाली. कॅनूत बसून त्या खोल बाजूनेच तरंगत गेलात तर मासे तुमच्या खालीच असतात आणि कॅनूची सावली त्यांच्यावरून जाते. त्याऐवजी वळणाच्या वरच्या टोकालाच कॅनू पट्ट्याला लावा, गुडघाभर पाण्यात उतरा आणि पलीकडे टाका.

एक वळण डोळ्यांपुढे आणा. वर उथळ खळाळ आहे, तो संपतो तिथे पाणी हिरवं होऊन डोहात उतरतं. जलद आणि संथ पाण्याच्या मधे फेसाची एक रेघ दिसते. पहिले पाच-सहा फेक त्या रेघेवर, खळाळाच्या शेपटीला. आमिष प्रवाहासोबत तळाला टेकत जाऊ द्या, दोरा ताठ ठेवा पण ओढू नका. मग कड्याखालचे मोठे दगड घ्या. फेक दगडाच्या वर दोन-तीन फूट, म्हणजे आमिष दगडाला वळसा घालून मागच्या संथ पाण्यात पडतं. मासा तिथे दगडाआड उभा असतो, प्रवाहात दमत नाही आणि वाहून येणारं खाणं टिपतो. नंतर मुळांसकट पडलेली झाडं, आणि शेवटी डोहाची शेपटी, जिथे पाणी पुन्हा उथळ होऊ लागतं. सकाळी सातच्या आत आणि सूर्य कड्याआड गेल्यावर स्मॉलमाउथ याच शेपटीवर खायला येतो. तेव्हा पाण्यावर तरंगणारं छोटं पॉपर टाकून बघा. दुपारी मात्र तळच.

रॉड साडेसहा फुटी, मीडियम-लाइट स्पिनिंग. दोरा सहा ते आठ पौंडी. आमिषांत ट्यूब (पोकळ, मऊ रबरी आमिष) किंवा लहान रबरी क्रॉफिश, तपकिरी-हिरवी, अडीच-तीन इंची, एक-अष्टमांश औंसाच्या जिगवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळावर. क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव, हे स्मॉलमाउथचं मुख्य खाणं, रंग त्यावरून आले. पाणी जोरात असेल तर तीन-षोडशांश औंस. वजनाचा नेम साधा आहे. आमिष तीन-चार फेकांत एकदाही तळाला टेकलं नाही तर हलकं, प्रत्येक फेकीला अडकतंय तर जड. तीन दिवसांसाठी माणशी वीस जिग घ्या, निम्मे नदीला द्यावे लागतात. गळाच्या टोकाचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. चौघांत कुणाच्या तरी कानात गळ जातो तेव्हा त्याची किंमत कळते. स्मॉलमाउथ हळू वाढणारा मासा आहे, चांगला मोठा परत सोडा. जेवणाला गॉगल-आय आणि सनफिश हे छोटे मासे पुरेसे होतात आणि तव्यावर चवीलाही उणे नाहीत. डोहात उतरायला चामड्याचे नाही, रबरी तळव्याचे जुने बूट हवेत. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या, तळव्याला मिझुरीच्या ट्राउटच्या पाण्यात २०१२ मध्ये बंदी आली.

कॅनूत दोघांनी एकाच वेळी गळ टाकायचा नाही. पुढचा मासे धरतो, मागचा कॅनू धरतो, डोह संपला की पाळी बदलते. नांगर टाकण्याचा मोह होईल, तुम्ही नवखे आहात, टाळाच. वाहत्या पाण्यात बाजूला बांधलेला नांगर तळाशी अडकला की कॅनू आडवी होते आणि दोन श्वासांत भरते. वेग कमी करायचाच तर मागच्या टोकातून तीन फूट जाड साखळी सोडा, जुन्या रबरी ट्यूबमध्ये घातलेली, म्हणजे फटीत अडकत नाही. दोरी हातात धरायची, बांधायची नाही.

कॅनू उलटते ती खळाळात क्वचितच. उलटते वळणाच्या बाहेरच्या बाजूला पडलेल्या झाडावर. सगळा प्रवाह तिकडे जातो आणि न वल्हवणारी कॅनूही तिकडेच जाते. वळण दिसलं की लगेच, अजून लांब असतानाच, नाक आतल्या बाजूला वळवा आणि जोर लावा. जवळ गेल्यावर लावलेला जोर वाया जातो. तरीही आडवे जाऊन खोडाला टेकलातच तर खोडाकडे झुका, अंगावर येत असल्यासारखं वाटलं तरी. मन उलट सांगतं. पण पाण्याच्या बाजूला झुकलात की ती कड बुडते, आत पाणी शिरतं आणि शेकडो किलोंची कॅनू खोडाला चिकटते. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय खाली प्रवाहाकडे. गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असेल तर उभं राहायचा प्रयत्न नको, पाय दगडात अडकतो. लाइफ जॅकेट अंगावर असावं, सीटखाली नाही. झऱ्यातून निघतं तेव्हा पाणी १४ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, जूनमध्येही हातपाय लवकर आखडतात, म्हणून सुती कपडे नकोत.

सामान तळाशी, मधोमध आणि कडेच्या वर न येणारं. जड वस्तू मध्यापासून किंचित मागे, म्हणजे नाक जरा हलकं राहतं आणि वळतं. कपडे, झोपायचं सामान ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, धान्य-मसाले रबरी कडेच्या झाकणाच्या पाच गॅलन बादलीत. कूलर दोन असावेत, एक जेवणाचा आणि एक पेयांचा, कारण पेयांचा दिवसात तीस वेळा उघडतो. बर्फ सुटा न घेता बाटल्यांत गोठवलेला घ्या, वितळला की पिताही येतो. सगळं आखूड दोरीने कॅनूला बांधा. लांब लोंबणाऱ्या दोऱ्या पाण्यात पायाला गुंडाळतात. रॉड मात्र बांधू नका, आणि फांद्यांखालून जाताना त्यांची टोकं मागे वळवा, नाहीतर दोन रॉड एकाच फांदीत जातात.

प्यायला माणशी दिवसाला एक गॅलन पाणी सोबत, शिवाय फिल्टर. झरा कितीही निळाशार असला तरी इथली जमीन पोकळ चुनखडीची, पाणी गाळलं न जाता मैलोन्‌मैल वाहत येतं. गाळल्याशिवाय पिऊ नका. शौचासाठी पट्टा सोडून झाडीत, पाण्यापासून दोनशे फूट, सहा-आठ इंच खड्डा. गोट्यांत खड्डा खणता येत नाही आणि पुढच्या पावसात तो नदीतच येतो. झाडीतून आल्यावर गोचीड तपासा, घोट्यापासून कंबरेपर्यंत.

शेवटचा मुद्दा गाडीच्या किल्लीचा. गाडी टू रिव्हर्सला लावलीत तर किल्ली तुमच्यासोबत वरून खाली येणार, आणि नदीत सगळ्यात जास्त हरवते ती तीच. एक किल्ली कॅनूला बांधलेल्या ड्राय बॅगेच्या आत क्लिपला अडकवा, दुसरी दुसऱ्या कॅनूत. रिमोटवाली असेल तर आधी छोट्या झिप पिशवीत. आणि निघताना घरच्या एका माणसाला सांगून ठेवा की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा.